ताईंचे गमबूट

आमच्या ह्यांना डेअरीत सगळे बूटमास्तर म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, आता तेच नाव होऊन बसलंय. हजेरीच्या वहीत खरं नाव आहे, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर हे वळूनसुद्धा बघणार नाहीत. मी सध्या ह्या बूटमास्तरांवर आणि त्यांच्या बहिणीवर, दोघांवरही चिडलेली आहे. त्यात जास्त कोणावर चिडायचं ते मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. सगळं सांगते, तुम्हाला कळलं तर मला सांगा.

ह्यांचं काम म्हणजे गमबूट सांभाळणं. डेअरीत खाली कायम पाणी. कॅन धुतात, क्रेट धुतात, मशिनं धुतात आणि मग सगळं धुऊन झालं की फरशी धुतात. त्यामुळे आत जाणाऱ्या प्रत्येकाने गुडघ्याएवढे पांढरे गमबूट घालायचे, असा नियम. दारातून शिरलं की डाव्या हाताला बूटखोली. सकाळच्या पाळीचे जोड वेगळे, दुपारच्या पाळीचे वेगळे, पण कुणाचा जोड कुठला असं काही नाही. सहा नंबर पायाला जो सहा नंबर मिळेल तो घालायचा आणि चालू पडायचं. पाळी सुटली की सगळे बूट धडाधड काढून टाकतात, आणि हे एकेक जोड घासून, धुऊन, भिंतीला ठोकलेल्या लाकडी खुंट्यांवर उलटे लावून ठेवतात. वर पंखा. दुसऱ्या दिवशीपर्यंत बूट खडखडीत.

माणूस कामाला चोख. इतका चोख की घरच्यांना वैताग. बूटखोलीत येण्याआधी बारा वर्षं ह्यांनी कॅनच्या विभागात काढली. तिथला नियम असा की कॅन धुतला, वाफ दिली, की त्याच क्षणी झाकण दाबून बंद. मिनिटभर जरी उघडा राहिला तरी तो घाण समजून परत धुवायला पाठवायचे. ते बारा वर्षांचं वळण ह्यांच्या अंगातून काही गेलेलं नाही. घरात मी पातेलं धुऊन ठेवलं की लगेच त्याच्यावर ताटली येते. डबा धुतला की झाकण. मी किती वेळा ओरडलेय, "अहो, वाळू तरी द्या की जरा!" तर म्हणतात, "उघडं ठेवून काय मिळणार आहे तुला?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं? मी शिवणकाम करणारी बाई. माझ्या मशीनवरही कव्हर असतं, पण ते धुळीसाठी.

ताई म्हणजे ह्यांची बहीण, माझी नणंद. ह्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. आई गेली तेव्हा हे सहा वर्षांचे होते आणि ताई पंधराच्या. वडील कामासाठी महिनोन् महिने बाहेर. मग ताईंनी शाळा सोडली आणि ह्यांना वाढवलं. ह्यांची नखं कापली, ह्यांचे केस विंचरले, ह्यांच्या मास्तरांशी भांडणं केली. पुढे डेअरीत लागल्या आणि मग ह्यांनाही तिथेच चिकटवलं. लग्नाचं विचारलं तर म्हणतात, "राहूनच गेलं गं," जसं काही छत्री दुरुस्तीला टाकायची राहून गेली. आता दोन वर्षांनी निवृत्त होतील. तीस वर्षं क्रेट धुवायच्या मशीनच्या तोंडाशी उभ्या आहेत, आठ-आठ तास, आणि आमच्याच घरात, आतल्या खोलीत, खिडकीपाशी त्यांची कॉट आहे.

स्वभावाने ताई कशा, ते सांगायला एक गोष्ट पुरे. चहात साखर टाकायची विसरले तर पितात. चुकून दोनदा टाकली तरी पितात. एकदा मीठ पडलं होतं, तरी प्यायल्या! मला असल्या माणसांचा फार राग येतो. अहो, बोला ना! समोरच्याला कळणार कसं? पण काहीही विचारलं की उत्तर एकच, "काही नाही गं."

तर ह्या ताईंना गेल्या वर्षी शुगर निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, खाण्यापिण्याचं सांगितलं आणि निघताना म्हणाल्या, "पायांची काळजी घ्या. शुगरवाल्यांना पायाची बारीकशी जखमसुद्धा महागात पडते." आमच्या ह्यांनी पुढचं मागचं काही ऐकलं नाही, फक्त 'पाय' ऐकलं. दुसऱ्या दिवशीपासून डेअरीत ताईंचा जोड वेगळा झाला. नवाकोरा, पाच नंबर, आतून लाल रंगाने फुली मारलेला. दुपारी पाळी सुटली की पहिला जोड ताईंचा धुवायचा. कढत पाणी, साबण, आतपर्यंत पोचेल असा लांब दांड्याचा ब्रश. मग आत जंतुनाशक औषधाचा फवारा. आणि मग जाड प्लास्टिकची पिशवी, तिला गच्च गाठ, आणि पिशवी थेट ह्यांच्या स्वतःच्या कपाटात, कुलपाखाली. कुणी चुकूनसुद्धा त्यात पाय घालायला नको.

सकाळी सहाला ताई आत आल्या की हे कपाट उघडणार, गाठ सोडणार आणि जोड बाकासमोर, ताईंच्या पायाशी नीट मांडून ठेवणार. मशीनवरच्या बायका ओरडायच्या, "आल्या बाई महाराणी, जोडे आणा!" ताई लाजायच्या. हे रोज जेवताना मला सगळं साग्रसंगीत सांगायचे. मी ऐकून घ्यायचे. खरं सांगते, मला थोडी असूयाही वाटायची. चोवीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने माझी एक चप्पल कधी सरळ करून ठेवलेली नाही.

आणि मग सुरू झालं ते.

एका रविवारी मी शिवणाच्या मशीनवर बसले होते आणि ताई कॉटवर. बघते तर ताई कॉटच्या लोखंडी पायावर आपला पाय घासतायत. हळूच, मला दिसू नये अशा बेताने. मी म्हटलं, "ताई, पाय दाखवा."

"काही नाही गं."

मी उठले आणि पाय धरूनच पाहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, त्या दोघांच्या बेचक्यात कातडी पांढरीफटक, फुगलेली, जशी खूप वेळ धुणं धुतल्यावर हाताची होते. सालपटं निघत होती, मधोमध चीर, आणि वास. मी म्हटलं, "अहो ताई, ह्या चिखल्या आहेत!"

चिखल्या कुणाला होत नाहीत? पाण्यात काम करणाऱ्याला तर होतातच. म्हणून आम्ही कुणीच घाबरलो नाही, आणि आमचं तिथेच चुकलं. चिखल्यांवरचं औषध जो तो सांगतो, आणि प्रत्येकाचं वेगळं. शेजारीण म्हणाली, मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसा. माझी बहीण म्हणाली, पाणी अजिबात लावू नका, तेल लावा. क्रेटवरची एक बाई म्हणाली, लिंबू चोळा. ते तर विचारूच नका, चिरेवर लिंबू पडल्यावर ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तशातही त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय." शेवटी हे औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने मोबाइलमधून मान वर न करता एक ट्यूब पुढे सरकवली.

ट्यूबने जादू केली. तीन दिवसांत खाज बंद, लाली गायब. आम्ही ट्यूब फडताळात ठेवून दिली. आठ दिवसांनी चिखल्या परत, आणि ह्या वेळी दोन बेचक्यांत. पुन्हा ट्यूब, पुन्हा जादू. पुन्हा पंधरा दिवसांनी परत, आणि आता तळव्याच्या कडेपर्यंत. जितकं औषध तितका आजार, हे काय गौडबंगाल आहे ते आम्हाला काही केल्या कळेना.

सगळ्यात जास्त ह्यांचं डोकं भंजाळलं. कारण बूटखोलीत ह्यांनी चौकशी केली, तर सकाळच्या पाळीत सत्तर माणसं. एकमेकांचे बूट घालणारी. त्यांतल्या चार-पाच जणांना चिखल्या झालेल्या, आणि त्याही होऊन गेलेल्या. आणि ताई, ज्यांचा जोड स्वतःचा, ज्याला दुसऱ्याचा पाय लागत नाही, जो सत्तरांत सगळ्यात स्वच्छ, त्यांचा पाय सगळ्यात वाईट! हे घरी येऊन डोक्याला हात लावून बसायचे. "असं कसं होईल? उलटं व्हायला पाहिजे. उलटं!" मग ह्यांनी साबण बदलला. पाणी आणखी कढत केलं. औषधाचे दोन फवारे मारायचे ते चार मारायला लागले. पिशवीवर दुसरी पिशवी चढवली. आणि पाय आणखी बिघडला.

बूट स्वच्छ, म्हणजे दोष दुसरीकडे. आधी न्हाणीघरातल्या पायपुसण्यावर संशय आला, ते मी फेकलं. मग बादलीवर आला. मग वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यावर आला, कारण तो अनवाणी जिना उतरतो. आणि एके दिवशी जेवता जेवता हे मला म्हणाले, "ताईचे मोजे तू धुतेस ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "हो, मीच धुते. गरम पाण्यात धुते, उलटे करून धुते, कडक उन्हात वाळत घालते. तुमच्या त्या डेअरीतसुद्धा कुणी इतकं धूत नसेल!" त्यावर हे म्हणतात, "नाही, मी नुसतं विचारलं." नुसतं विचारलं! दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. सगळं ताईंमार्फत. "ताई, ह्यांना सांगा पाणी तापलंय." "ताई, ह्यांना विचारा जेवायचंय का." आणि हे समोरच बसलेले. मधल्या मधे ताई बिचाऱ्या माझ्याकडून ह्यांच्याकडे मान फिरवून दमल्या.

पण त्या रागात मी एक गोष्ट बघितली. मोजे. घरी यायचे ते ओले असायचे, पिळले तर पाणी निघेल इतके. मी ताईंना विचारलं, "पाणी आत जातं का हो तुमच्या बुटात?" ताई म्हणाल्या, "मशीनचं उडतं गं वरून." मला पटलं. तीस वर्षं मशीनसमोर उभी असलेली बाई सांगतेय, मी कोण शहाणी लागून गेले!

त्यानंतर आठवडाभरात ताई दुपारी एका बाईच्या खांद्यावर हात टाकून घरी आल्या. अंगात ताप. पाय घोट्यापर्यंत सुजलेला, लालबुंद, हात लावला तर चटका बसेल असा. "काही नाही गं" म्हणायचंसुद्धा त्राण नव्हतं. मी ह्यांना निरोप पाठवला आणि तशीच ताईंना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. हे गणवेशातच धावत आले.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, बोटं एकेक विलग करून पाहिली. मग आमची ट्यूब पाहिली. "ही कोणी दिली?"

"दुकानदाराने," हे म्हणाले.

"ह्यात खाज दाबायचं औषध आहे, स्टेरॉइड. लाली जाते, खाज जाते, तुम्हाला वाटतं बरं झालं. आणि आत बुरशी मजेत वाढत राहते." त्या आमच्याकडे अशा बघत होत्या की मला खुर्चीखाली लपावंसं वाटलं. "चिखल्या म्हणजे बुरशी. तिला ओल पाहिजे, ऊब पाहिजे आणि बंद जागा पाहिजे. ती कातडीला चीर पाडते, आणि चिरेतून दुसरे जंतू आत शिरतात. ते आता शिरलेत. शुगर आहे, त्यामुळे ते भराभर वर चढतील."

मग त्यांनी खिशातलं निळं पेन काढलं आणि जिथे लाली संपत होती तिथे ताईंच्या घोट्याच्या वर, पायाभोवती रेघ ओढली. "लाली ह्या रेघेच्या वर गेली, ताप चढत राहिला किंवा कातडी काळसर दिसली, तर माझ्याकडे येऊ नका. थेट मोठं हॉस्पिटल गाठा. ह्यातून पाय कापायला लागलेले मी पाहिलेत."

हे एकदम खाली बसले. खुर्ची तिथे होती म्हणून बरं.

बाईंनी इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या, बुरशीसाठी वेगळं मलम दिलं. ते कसं लावायचं ते दोनदा घोकून घेतलं. पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायच्या, ते फडकं फक्त त्याच पायाचं, दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. मग मलम, दिवसातून दोनदा, दिसतंय त्याच्या जरा बाहेरपर्यंत. "आणि बरं दिसलं म्हणून बंद करायचं नाही. बरं दिसल्यावर पुढे दोन आठवडे लावायचं." न्हाणीघरात सपाता. मोजे सुती, आणि कामाच्या मधल्या सुट्टीत बदलायचे. मी मान डोलवत होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बूट ओले असतात का?"

"छे हो!" हे उसळलेच. "डॉक्टर, त्यांचा जोड मी स्वतः..." आणि ह्यांनी कढत पाण्यापासून कुलपापर्यंत सुरू केलं. बाईंनी हाताने थांबवलं आणि ताईंनाच विचारलं.

ताई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "कोरडे असतात."

"मग मला कळत नाही," बाई म्हणाल्या. "ओल कुठून तरी येतेय. शोधा. नाही तर मी बरं करीन आणि महिनाभराने पुन्हा हेच."

पुढचे तीन दिवस आमच्या घरात ती निळी रेघ सोडून दुसरं काही नव्हतं. मी शिवायला घेतलेलं सगळं तसंच पडलं. दर तासाला पांघरूण वर करायचं आणि बघायचं. पहिल्या दिवशी लाली रेघेच्या खाली होती. दुसऱ्या दिवशी रेघेला टेकली. हे बघायला वाकले, पण चष्मा पुसत राहिले, बघितलं नाहीच. मला म्हणाले, "तूच सांग." तिसऱ्या दिवशी सकाळी कधी मला वाटायचं वर गेलीय, कधी वाटायचं नाही. हॉस्पिटलला जायची पिशवी भरून मी दारात ठेवली होती. मग दुपारी ताप उतरला आणि चौथ्या दिवशी लाली रेघेपासून बोटभर खाली सरकली. मी कॉटवर बसून रडले, आणि मग काही कारण नसताना ताईंवर ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका टळला, पंधरा दिवसांनी कामावर जाता येईल. रजेचं सर्टिफिकेट दिलं. हे कामावर निघून गेले होते, म्हणून ते द्यायला मीच डेअरीत गेले. इतक्या वर्षांत बूटखोलीत पाय ठेवायची माझी पहिलीच वेळ. हे खूश झाले. पाहुण्यांना घर दाखवावं तसं मला सगळं दाखवायला लागले. हे नळ, हे ब्रश, ह्या खुंट्या. मी सहज एका उलट्या बुटात हात घातला. खडखडीत. दुसऱ्यात घातला, तोही तसाच.

"आणि हे बघ ताईचं," म्हणत ह्यांनी कपाट उघडलं. ताई आजारी पडल्या त्या दिवशी धुऊन, बांधून ठेवलेला जोड तसाच होता, परत येतील तेव्हा तयार असावा म्हणून. ह्यांनी बाहेरची पिशवी सोडली, मग आतली. आतल्या पिशवीला आतून दव धरलं होतं. मला वास आला. ह्यांना येत नव्हता, कदाचित रोजचा झाला असेल. मी बुटात कोपरापर्यंत हात घातला.

"अहो," मी म्हटलं, "हा ओला आहे."

"ते पाणी नाही, औषध आहे."

"औषध ओलं नसतं?"

"अगं, ते उडून जाऊ नये म्हणून तर बांधतो! धुतलेली वस्तू उघडी ठेवायची नसते. झाकली नाही तर धुतल्याचा उपयोग काय?"

"अहो, हा काय दुधाचा कॅन आहे? कॅनमध्ये आठ तास कुणी पाय घालून उभं राहतं?"

ह्यांनी बुटात डोकावून पाहिलं. मला वाटलं, कळलं. पण मग ह्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "ओला असता तर ताई बोलली नसती का? दहा महिने झाले. रोज घालते ती. एका शब्दाने तरी बोलली असती की नाही?"

खरंच, का नाही बोलल्या? डॉक्टरांसमोरसुद्धा नाही? ती पिशवी मी हिसकावून घरी आणली, पण वाटेत माझाच निश्चय डळमळायला लागला. डेअरीतलं मला काय कळतं? असेलही औषध. असेलही मशीनचं पाणी. मी धुतलेले मोजेच नीट वाळत नसतील कशावरून, असंसुद्धा एकदा मनात येऊन गेलं, म्हणजे बघा.

साडेतीनला हे घरी आले. चपला न काढता सरळ आतल्या खोलीत गेले. ताई पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. हे म्हणाले, "ताई, खरं सांग. बूट ओले असायचे?"

"नाही रे धाकट्या. कोरडे असायचे."

हे माझ्याकडे वळले. 'बघ' असं म्हणाले नाहीत, पण चेहरा तोच होता. आणि मला समोर स्पष्ट दिसलं, की पंधरा दिवसांनी हा माणूस पुन्हा तो जोड कढत पाण्याने धुणार, पुन्हा दोन पिशव्या बांधणार, पुन्हा प्रेमाने पायाशी मांडणार, आणि ती बाई पुन्हा त्यात पाय घालणार. मग पुन्हा निळी रेघ. आणि पुढच्या वेळी लाली त्या रेघेपाशी थांबली नाही तर? मी पिशवीतून बूट काढला, दोघांच्या मधे फरशीवर उलटा धरला आणि जोरात झटकला.

थेंब पडले. फार नाही, पाच-सहा.

हे त्या थेंबांकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई?"

ताईंनी पांघरुणाची कड बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "सकाळी पाय घातला की गार लागायचं," त्या म्हणाल्या. "जरासं."

"रोज?"

"रोज."

"मग बोलली का नाहीस?" ह्यांचा आवाज चढला, लगेच फाटला. "अगं, एकदा तरी म्हणायचंस! मी काय खाल्लं असतं तुला?"

"तू मनाला लावून घेतलं असतंस."

"म्हणून पाय कुजू द्यायचा?"

मी तोंड उघडणार होते, पण ताईंचा चेहरा बघून थांबले. मग त्या म्हणाल्या, "सगळ्यांच्या समोर तू ते बाकापाशी मांडायचास ना रे. आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही असं मांडून ठेवलं नव्हतं. ओले आहेत म्हटलं असतं, तर तू म्हणाला असतास, जा, खुंटीवरचे घे. ते मला नको होतं." मग पायाकडे बघत म्हणाल्या, "पायाचं इतकं होईल हे खरंच लक्षात आलं नाही माझ्या."

मला इतका राग आला होता, की कुणाच्या तरी दोन थोबाडीत द्याव्यात. पण कुणाच्या? ह्यांच्या द्याव्यात, तर ह्यांनी जिवापाड केलं होतं. ताईंच्या द्याव्यात, तर त्या पायाला हात लावायचीही हिंमत होत नव्हती. मी तो बूट हातात घेऊन नुसतीच उभी राहिले.

हे फरशीवर बसले. सदऱ्याच्या टोकाने ते पाच-सहा थेंब पुसून काढले. मग ताईंच्या कॉटला पाठ टेकवून, त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "बूट खुंटीवरच वाळवणार आता. दोन जोड करतो, एक दिवसाआड एक. पण मग मी तुझ्यासाठी काय करू? सांग. काहीही सांग, करतो."

ताई विचार करायला लागल्या. अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून. खिडकीबाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, जणू मला माहीत असेल. मी वाट बघत राहिले. हे वाट बघत राहिले.

"काय सांगू रे," शेवटी त्या म्हणाल्या. "मला काय आवडतं, तेच मला माहीत नाही."